मोर्चा परतला तरी ग्रुप जागा ठेवा: नाशिक जिल्ह्यातल्या आंदोलनांच्या ॲडमिन मंडळींना खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातल्या शेतकरी, आदिवासी, कामगार, विद्यार्थी आणि पर्यावरणाच्या आंदोलनांचे व्हॉट्सॲप ग्रुप, फेसबुक पेज आणि इन्स्टाग्राम खाती चालवणारे सर्व ॲडमिन

सप्रेम नमस्कार.

हे पत्र नेत्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. मोर्चा कधी, कुठून, किती वाजता निघणार हे आज गावाला पहिल्यांदा कळतं ते तुमच्या ग्रुपवरून. लाठीमार झाला का, मंत्री भेटले का, मागणी मान्य झाली की तोंडाला पानं पुसली, हेही लोक तिथेच बघतात. नेते भाषण करून पुढच्या तालुक्याला जातात. रात्री अकरा वाजता ‘हे खरं आहे का हो?’ असं विचारणारा फोन येतो तो तुम्हाला. तुम्हाला ना पद, ना मानधन. मोर्चाच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात नोटीस घ्यायला मात्र तुमचंच नाव पुकारलं जातं. हे काम किती जोखमीचं आणि किती मोलाचं आहे ते मी जवळून पाहते, म्हणून तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

मी पेठ, सुरगाणा, दिंडोरी या तालुक्यांत वनहक्क दाव्यांच्या, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क मागणाऱ्या अर्जांच्या, कागदपत्रांना मदत करते. अर्ज लिहिणं, ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल काढणं, अपील तयार करणं, असं काम. मोर्चात मागच्या रांगेत चालते. त्या रांगेतून बरीच वर्षं जे दिसतंय ते सांगते. आंदोलन जगाला दाखवायला आपण फोन फार चांगला वापरतो. पण आंदोलनाने जे मिळवलं ते लोकांच्या हातात पडेपर्यंत लावून धरायला तोच फोन आपण वापरत नाही. मोर्चा परतला की ग्रुप थंड पडतो, आणि हे सरकारी कार्यालयांना आता नेमकं ठाऊक झालं आहे.

2018 ची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवली आहे. 6 मार्च 2018 ला नाशिकच्या सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) चौकातून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. मुंबईपर्यंत सुमारे 180 किलोमीटर. सुरुवातीला मोठ्या वाहिन्यांनी त्याची फारशी दखल घेतली नव्हती. मग कसारा घाटातली ती लाल रांग, फाटलेल्या चपला, सोललेले तळवे यांचे फोटो लोकांच्या फोनवर फिरू लागले. मोर्चा ठाणे ओलांडून मुंबईत शिरला तेव्हा रस्त्याच्या कडेला अनोळखी लोक पाणी, बिस्किटं, चपला घेऊन उभे होते. दहावीची परीक्षा चालू होती. मुलांना त्रास नको म्हणून चालून थकलेली माणसं सोमय्या मैदानावरून रात्रीच उठली आणि पहाटेपर्यंत आझाद मैदानावर पोचली. त्या निर्णयाने मुंबई जितकी हलली तितकी कुठल्याच घोषणेने हलली नसती. 12 मार्चला फडणवीस सरकारने मागण्या लेखी मान्य केल्या. प्रलंबित वनहक्क दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असं त्या आश्वासनात होतं.

हे सगळं फोनने घडवलं, असं अजूनही काही जण भाषणात सांगतात. मला ते पटत नाही. त्याच्या दोन वर्षं आधी, 29 आणि 30 मार्च 2016 ला, याच सीबीएस चौकात हजारो शेतकरी दोन दिवस ठिय्या देऊन बसले होते. पाड्यापाड्यांवर बैठका झाल्या होत्या. कोणत्या गावाचा टेम्पो, त्यात कोणाचे तांदूळ, कोणाची डाळ, सरपण कोण घेणार, म्हाताऱ्या माणसांसोबत कोण चालणार, हे घराघरांत ठरलेलं होतं. फोटो काढणाऱ्याला फोटो मिळाला, कारण दाखवण्यासारखं काहीतरी आधी रस्त्यावर उभं होतं. फोनने त्या कष्टांना मुंबईच्या मध्यमवर्गाच्या घरात नेलं. हे काम लहान नाही. त्याशिवाय आझाद मैदानावर मंत्री इतक्या लगबगीने बोलणीला आले नसते, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

पण नंतर काय झालं? सहा महिने उलटले, वर्ष होत आलं, आणि 20 फेब्रुवारी 2019 ला तीच माणसं पुन्हा नाशिकहून मुंबईकडे निघाली. दुसऱ्या दिवशी आंबेबहुला इथे पुन्हा लेखी आश्वासन मिळालं, मोर्चा थांबला. त्याच्या आठवडाभर आधी, 13 फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला होता. त्याला 28 फेब्रुवारीला स्थगिती मिळाली. म्हणजे दावा ‘अपात्र’ ठरणं ही कागदावरची किरकोळ बाब उरली नव्हती, घरादाराचा प्रश्न झाली होती. तरी त्या महिन्यात माझ्या फोनवरच्या ग्रुपांत मोर्चाचे व्हिडिओ जितके आले, त्याच्या तुलनेत न्यायालयाच्या आदेशाचा अर्थ सांगणारे मेसेज नगण्य होते. मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून तिसरा मोर्चा निघाला. वनहक्काची मागणी पुन्हा यादीत होतीच.

या तिसऱ्या वेळी मात्र लोक शहाणे झाले होते, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सरकारशी बोलणी झाली, मागण्या मान्य झाल्याचं जाहीर झालं, तरी मोर्चेकरी ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदलाच बसून राहिले. विधानसभेत निवेदन होऊ दे, खाली अधिकाऱ्यांपर्यंत आदेश पोचू दे, मग उठतो, असं म्हणाले. उन्हाचे आणि अवकाळी पावसाचे ते दिवस. मुक्कामात एका शेतकऱ्याचा मृत्यूही झाला. तरी लोक 18 मार्चपर्यंत हलले नाहीत. दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकऱ्यांनीही हेच केलं होतं. 19 नोव्हेंबर 2021 ला पंतप्रधानांनी टीव्हीवर तीन शेती कायदे मागे घेतल्याचं सांगितलं, पण उरलेल्या मागण्यांबाबत सरकारचं सही असलेलं पत्र 9 डिसेंबरला हातात आलं तेव्हा परत फिरायचा निर्णय झाला आणि 11 डिसेंबरपासून तंबू निघाले. आपल्या नाशिकहूनही 21 डिसेंबर 2020 ला वाहनांचा जत्था त्या सीमेकडे गेला होता. ती माणसं हा धडा घेऊन आली. रस्त्यावरच्या माणसांना कागदाची किंमत कळली आहे. आपल्या ग्रुपांना ती कधी कळणार, असा माझा प्रश्न आहे.

2023 च्याच कांदा अनुदानाचं बघा. क्विंटलला 350 रुपये जाहीर झाले आणि त्या संध्याकाळी अभिनंदनाच्या बॅनरांनी ग्रुप भरून गेले. कोणाच्या लढ्याला यश, कोणाच्या पाठपुराव्याला यश, यावर दोन दिवस वाद. अटी कोणी सांगितल्या? 1 फेब्रुवारी ते 31 मार्च या काळातच विकलेला कांदा, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत, बाजार समितीची विक्री पट्टी हवी, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून करायच्या पिकाच्या नोंदणीत) नोंदच केली नव्हती अशी कितीतरी माणसं होती. खिशात चुरगळलेल्या पट्ट्या घेऊन ती तलाठ्याच्या दारात उभी राहिली. नोंदीच्या त्या अटीवर ओरड झाली तेव्हा कुठे मार्ग निघाला. पट्टी जपून ठेवा, नोंद तपासा, एवढा साधा मेसेज पहिल्या दिवशी लासलगाव, चांदवड, येवल्याच्या प्रत्येक ग्रुपवर गेला असता तर किती हेलपाटे वाचले असते, याचा विचार तुम्हीच करा.

आता एका कागदाबद्दल बोलते. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर एका काकांना वनहक्क दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीचं पत्र आलं. एक पान, खाली शिक्का, मजकुरात ‘पुराव्याअभावी अपात्र’. कोणता पुरावा कमी, ते लिहिलेलं नाही. काकांना वाचता येत नाही. मुलाने पत्राचा फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. फोटो तिरका, खालचा कोपरा बोटाखाली झाकलेला, तारीख नेमकी त्याच कोपऱ्यात. त्यावर दोघांनी हात जोडल्याची खूण टाकली. मग कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, मग एका सभेची रील, मग सकाळची फुलं. पत्र वर गेलं आणि दिसेनासं झालं. ते माझ्या हातात आलं तेव्हा अपिलाची साठ दिवसांची मुदत उलटून गेली होती. वनहक्काच्या नियमांत दावा नाकारताना कारण कळवणं बंधनकारक आहे. कारणच नसलेलं पत्र अपिलात टिकायला अवघड असतं, म्हणजे काकांची बाजू भक्कम होती. त्यांच्याकडे 2005 च्या आधीपासून कसत असल्याचे जुने दंडाच्या पावत्यांसारखे कागद होते, दोन म्हाताऱ्यांचे जबाब होते, ग्रामसभेचा ठराव होता. आम्ही उशिराचं कारण लिहून अपील दाखल केलं. त्या ग्रुपवर शेकड्याने माणसं आहेत आणि त्यातली निम्मी तरी लाँग मार्चला चालून आलेली आहेत. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण मोर्चाची हाक ऐकायला सवयीचे झालेले कान कागदाची हाक ऐकत नाहीत. ही सवय बदलणं तुमच्या हातात आहे, माझ्या नाही, कलेक्टरांच्या तर नाहीच.

शहरातल्या मित्रांनाही हेच सांगायचं आहे. 2025 च्या नोव्हेंबरात तपोवनातल्या झाडांसाठी नाशिककर रस्त्यावर आले. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी (साधूंच्या तात्पुरत्या वस्तीसाठी) झाडं तोडली जाणार ही बातमी तुमच्या रील्सनी घराघरांत नेली, आणि एरवी आंदोलनांकडे न फिरकणारी माणसं त्या झाडांखाली जमली. मला त्याचा खूप आनंद झाला. पण वृक्षतोडीची जाहीर नोटीस निघाल्यावर हरकत घ्यायला नागरिकांना सातच दिवस असतात, हे 1975 च्या राज्याच्या कायद्यातच आहे. सात दिवसांत रील व्हायरल होते आणि विसरलीही जाते. हरकतीचा अर्ज, त्याची आवक क्रमांक असलेली पोच, सुनावणीची तारीख आणि खूण केलेल्या प्रत्येक झाडाचा जागेसह फोटो, हे ज्या ग्रुपने नीट जपलं असेल त्याच ग्रुपला पुढच्या वेळी पालिकेच्या दालनात उभं राहून बोलता येईल. तुमच्याकडे ते असेल तर सांभाळा. 2027 चा कुंभमेळा अजून व्हायचा आहे.

अफवांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण तिथे माणसं मेली आहेत.

ऑक्टोबर 2016 मध्ये त्र्यंबकेश्वरजवळच्या तळेगावातल्या बालिकेवरच्या अत्याचाराच्या प्रयत्नानंतर जिल्हा पेटला. संताप खरा होता, रास्त होता. पण ती मुलगी गेली, अशी खोटी बातमी फोनवरून पसरली. एसटी बस जळल्या, काही गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, मोबाइल इंटरनेट बंद करावं लागलं. त्याच्या पंधरवडाभर आधी, 24 सप्टेंबरला, याच नाशिकमध्ये मराठा क्रांती मोर्चाचा प्रचंड मूक मोर्चा शांततेत पार पडला होता. त्याची आखणीही मोठ्या प्रमाणात याच माध्यमांवर झाली होती, अगदी घोषणा द्यायच्या नाहीत, रस्ता साफ करून निघायचं, या सूचनांपर्यंत. एकाच जिल्ह्यात, एकाच ऋतूत, एकाच फोनवर दोन्ही घडलं. फरक पडला तो मेसेज कोणी तपासला आणि कोणी नाही, याने.

आणि 1 जुलै 2018. लाँग मार्च संपून चार महिनेही झाले नव्हते. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आली, अशी अफवा फोनवर फिरली आणि जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्याच सुमारास मालेगावात अशाच अफवेवरून एका कुटुंबावर जमाव धावून गेला. तिथे पोलिसांनी आणि काही स्थानिकांनी त्यांना वाचवलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीने बटण आखडलं म्हणून अफवा थांबत नाहीत. थांबवतो तो ॲडमिन.

आंदोलनाच्या दिवशी येणारे व्हिडिओ बघताना तुमच्यातले जाणकार काय करतात ते मी पाहिलं आहे, आणि ते सगळ्यांनी शिकावं असं वाटतं. एकदा ‘नाशिकमध्ये शेतकऱ्यांवर अमानुष लाठीमार’ असा व्हिडिओ आला. दिंडोरीच्या एका ॲडमिनने तो दोनदा थांबवून पाहिला. मागे उभी बस आपल्या एसटीसारखी दिसत नव्हती. दुकानाची पाटी कानडीत. रस्त्यावर पाण्याची डबकी, आणि इथे एप्रिलचं ऊन. त्याने पाठवणाऱ्याला विचारलं, कोणी काढला, कुठे, कधी? उत्तर आलं नाही. त्याने व्हिडिओ काढून टाकला आणि खाली लिहिलं की हा आपल्याकडचा नाही. दहा मिनिटं गेली असतील. त्या दहा मिनिटांत ग्रुपवर शिव्याही खाल्ल्या, सरकारचा माणूस ठरला. अशा ॲडमिनच्या मागे संघटनेने जाहीरपणे उभं राहायला हवं. खोटा व्हिडिओ शेवटी आपल्याच खऱ्या व्हिडिओचा जीव घेतो. एकदा खोटेपणा उघड झाला की खऱ्या लाठीमाराच्या वेळी अधिकारी सहज म्हणतात, हाही जुनाच असेल.

राग आणणारं जास्त पुढे ढकलायचं, ही या कंपन्यांची पद्धत आहे. माणूस स्क्रीनवर जितका वेळ थांबेल तितकं त्यांचं उत्पन्न. म्हणून वनहक्काच्या नियमांचा व्हिडिओ दोनशे लोक बघतात आणि दोन नेत्यांच्या भांडणाचा दोन लाख. ती गणितं आपण बदलू शकत नाही. आपल्या ग्रुपवर काय टिकवायचं, तेवढं आपल्या हातात आहे.

नोटिशींबद्दल थोडक्यात. आंदोलनाच्या आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 खाली नोटीस येते तेव्हा अनेक ॲडमिन घाबरून ग्रुपच बंद करतात. नोटीस घ्या, प्रत ठेवा, वकिलाला दाखवा. ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणी टाकलेल्या मेसेजसाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे. तसं ठरवायला ॲडमिनचा आणि मेसेज टाकणाऱ्याचा समान उद्देश दिसला पाहिजे. स्वतः टाकलेल्या मजकुराची जबाबदारी मात्र तुमचीच, आणि अफवा पसरवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम 353 आहे. इंटरनेट बंद झालं तर आदेशाची प्रत मागा. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 ला सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध करावे लागतील आणि बेमुदत बंदी चालणार नाही. नेट बंद झाल्यावर अफवा साध्या फोनवरूनही फिरते, पण तिचं खंडन करणारा व्हिडिओ अडकून पडतो. प्रशासनाने बंदीचं हत्यार उचलण्याआधी याचा विचार करावा, ही माझी त्यांनाही विनंती आहे.

बाहेरच्या देशांत काय झालं ते पाहून अनेक तरुण मुलं उत्साहाने बोलतात. नेपाळमध्ये 4 सप्टेंबर 2025 ला सरकारने 26 समाजमाध्यमांवर बंदी घातली, 8 तारखेला मुलं रस्त्यावर आली, त्या एका दिवशी 19 जण मारले गेले, 9 तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. पुढचा हंगामी पंतप्रधान कोण, याची चर्चा डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर झाली. हे वाचून अंगावर काटा येतो. पण इजिप्तही आठवा. 28 जानेवारी 2011 ला तिथे इंटरनेट तोडलं तरी लोक चौकात आले, कारण त्यांचे शेजारपाजार आणि मशिदी जिवंत होत्या. 11 फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष मुबारक यांना सत्ता सोडावी लागली. अडीच वर्षांत, जुलै 2013 मध्ये, लष्कराने पुन्हा सत्ता हातात घेतली. गर्दी जमवणारं जाळं होतं, गर्दी घरी गेल्यावर टिकेल अशी संघटना पुरेशी नव्हती. आपल्याकडे ती आहे. गाव आहे, ग्रामसभा आहे, वनहक्क समिती आहे, युनियन आहे. ग्रुपने त्यांची जागा घेऊ नये, त्यांचं दप्तर सांभाळावं.

दप्तर हा शब्द मी मुद्दाम वापरते. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षं चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कधी मुंबईत, कधी लंडनमध्ये. इथे धुरा सांभाळायला दादासाहेब गायकवाड. दोघांमध्ये पत्रं चालत. पुढे सत्याग्रह आवरता घ्यावा का, यावरचे बाबासाहेबांचे विचारही पत्रांत आहेत. ती पत्रं जपली गेली म्हणून आज कोणी काय ठरवलं, का ठरवलं, हे आपल्याला वाचता येतं. 2018 च्या लाँग मार्चमध्ये कोणत्या पाड्याने काय ठरवलं, याचा पुरावा कुठे आहे? फोन बदलला, मेमरी भरली, कोणी ग्रुप सोडला, संपलं. काही ग्रुपांवर आता मेसेज आपोआप गायब होण्याची सोय चालू असते. कोणाची सुरक्षितता असेल तिथे ते ठीक. पण सरकारचं पत्र, बैठकीचं इतिवृत्त, वर्गणीचा हिशेब हे गायब होता कामा नये. आणि पेज तुमचं असलं तरी चावी तुमची नसते. 1 फेब्रुवारी 2021 ला दिल्लीच्या आंदोलनातल्या संघटनांची ट्विटर खाती सरकारच्या सांगण्यावरून काही तास बंद झाली होती. महत्त्वाचे कागद छापून एका फाइलमध्ये, गावातल्या दोन घरांत ठेवा.

अजून एक गोष्ट, जी बायकांनी मला वारंवार सांगितली. मेसेज ‘पोचला’ याच्या दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणजे घरात निरोप पोचला असं नाही. सुरगाण्यात, पेठेत घराला फोन एकच, तो मुलाकडे, मुलगा नाशिकला सातपूरच्या कारखान्यात किंवा द्राक्षबागेत. काही पाड्यांवर रेंज मिळवायला टेकडीवर जावं लागतं. बाई लांब मेसेज वाचत नाही, पण कोकणा बोलीतला आवाजाचा मेसेज तीनदा ऐकते आणि शेजारणीलाही ऐकवते. महत्त्वाची सूचना लिहूनच पाठवायची सवय सोडा, गावच्या बोलीत बोलून पाठवा. बोलणारी बाईच असेल तर उत्तम. आणि फोटो टाकताना विचारून टाका. मोर्चातल्या थकलेल्या म्हाताऱ्या बाईचा चेहरा, कोणाचं आधार कार्ड, कोणाचा सातबारा ग्रुपवर मोकळा टाकू नका. ज्याच्या जमिनीवर डोळा ठेवणारे गावातच आहेत, त्याचा कागद चारशे लोकांसमोर उघडा करणं म्हणजे त्याला अडचणीत आणणं.

तुमच्याकडे माझं मागणं फार मोठं नाही. ग्रुपच्या वर मेसेज पिन करायची सोय आहे. तिथे पुढच्या सभेचं पोस्टर असतंच. त्याच्या शेजारी गेल्या आंदोलनात मिळालेल्या लेखी आश्वासनाची प्रत असू द्या, सहीसकट, तारखेसकट. कोणती मागणी कोणत्या कार्यालयात अडकली आहे, ते महिन्यातून एकदा लिहा. कार्यालय उत्तर देत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे, ते आलं की ग्रुपवर टाका आणि आलं नाही तर तेही टाका. मंत्र्यांना, कलेक्टरांना टॅग करायचंच असेल तर मोर्चाच्या दिवशी करा, आणि सहा महिने पूर्ण होतील त्या दिवशी तर नक्कीच करा. कारण त्या दिवशी टॅग करणारं कोणी नसेल, असं गृहीत धरूनच मुदती दिल्या जातात.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ग्रामसभांच्या आधी आठवडाभर, आपल्या गावातले किती दावे मंजूर, किती फेटाळले, किती नुसते पडून, याची यादी वनहक्क समितीकडून घ्या आणि बोलून सांगा. कसत असलेल्या जमिनीपेक्षा कमी क्षेत्र मंजूर झालं असेल त्यांचीही नावं त्या यादीत हवीत. ती माणसं ‘मंजूर’ या रकान्यात गेली की कोणी त्यांच्याकडे वळून पाहत नाही. ज्यांना अपात्रतेचं पत्र आलं आहे त्यांनी ते सपाट जागेवर ठेवून, चारही कोपरे दिसतील असा फोटो काढून तुम्हाला खासगीत पाठवावा, आणि ते पत्र हातात पडल्याची तारीख सोबत लिहावी. दिवस त्या तारखेपासून मोजायचे असतात. कागद वाचायला आणि अपील लिहायला माणसं कमी पडत असतील तर आम्ही येतो. आठवडे बाजाराचा दिवस सोडून कधीही बोलवा, त्या दिवशी गावात कोणी भेटत नाही.

आपली,
वनहक्क दाव्यांच्या कामातली एक कार्यकर्ती
नाशिक